दहा पोरांचा नायक

मुरबाडकडच्या आमच्या आश्रमशाळेचे अधीक्षक बशीतला चहा पार गार होईपर्यंत बोलत राहायचे, आणि बोलायचे ते इंकांवर. दक्षिण अमेरिकेतल्या त्या जुन्या डोंगरी राज्याचं त्यांना भारी कौतुक. "दहा घरांवर एक माणूस, शंभरांवर दुसरा. खालच्यानं वरच्याला सांगायचं. खालचा चुकला की शिक्षा वरच्याला. राजाला घरोघर हिंडायला नको!" असं म्हणत ते बोटानं टेबलावर जिना काढायचे. मलाही ऐकायला आवडायचं.

वसतिगृहही त्यांनी तसंच बसवलं. दहा पोरांवर एक नायक आणि सगळ्या नायकांवर दहावीतला मोठा नायक. दहांतलं कुणी चुकलं, अगदी आजारी पडलं, तरी छडी नायकाला. संध्याकाळी मोठा नायक दारात येऊन सांगायचा, "सगले बरे हायेत, सर." सर वर न बघताच म्हणायचे, "शाबास."

एका पावसाळ्यात चौथीतला एक पोरगा तापानं फणफणला. त्याचा नायक पाचवीतला. छडीच्या भीतीनं तो काही बोललाच नाही. वर निरोप गेला, सगळे बरे आहेत. सकाळी पोरगा उठला नाही.

दुपारी बाप पाड्यावरून चालत आला. पोराला बरं नाही, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. सर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी मोठ्या नायकाला बोलावून हळू आवाजात सांगितलं. त्यानं ते पाचवीतल्या नायकाला सांगितलं.

फाटकाशी उभ्या असलेल्या बापाला सांगायला तो एकटाच गेला.