गिटारसाठी अर्धं बोट माया

आमच्या घरात आम्ही जी बोली बोलतो ती कागदावर कशी उतरवायची ते मला कुणी शिकवलं नाही. चौथीपर्यंत शाळेत जी मराठी शिकले तीच इथे लिहिते. ब्लाउजच्या मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर.

माझा नवरा, म्हणजे हे, आमच्या चर्चच्या गायन मंडळात गिटार वाजवतात. लग्नाआधीपासून. कंपनीतून रिटायर झाल्यावर दिवसभर वाडीत असतात, केळी आणि सोनचाफा. संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर तासभर वाजवायचे आणि मी आत शिलाई मशीनवर. समोर बसून मी त्यांचं वाजवणं क्वचितच ऐकलं. सगळं पाठीमागून, मशीनच्या आवाजातून. पण इतकी वर्षं ऐकलं की कुठल्या गाण्यात त्यांचा हात कुठे अडखळतो ते मला आधीच कळायचं, आणि तिथे माझा पाय मशीनवर आपोआप हळू पडायचा.

गेल्या पावसाळ्यात त्यांना चिकनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला, सांधे मात्र धरूनच राहिले. उजवं मनगट सुजायचं. सकाळी बोटं मिटत नसत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. गिटार मी शिवलेल्या खोळीत कपाटाशेजारी उभी होती ती उभीच राहिली.

पुढे हात थोडा मोकळा झाल्यावर त्यांनी ती बाहेर काढली. आणि तारा छेडल्या की प्रत्येक वेळी मागून एक खरखर यायची, फाटक्या पतंगासारखी. ते थांबायचे, मनगट चोळायचे, पुन्हा वाजवायचे. पुन्हा खरखर. चार-पाच दिवस असं चाललं. मग एका सोमवारी जेवताना म्हणाले, नाताळची गाणी बसवायला घेतलीत मंडळात, या रविवारी गिटार तिथेच देऊन टाकतो, कुणीतरी शिकेल. भाजी कशी झालीय ते सांगावं तसं बोलले. पण ताटात भात तसाच ठेवून उठले.

आमची मुलगी म्हणाली, पप्पा, एवढी घाई कसली? ते म्हणाले, "हात गेला माझा. हाताला कळतं ते."

मंगळवारी ते वाडीत गेल्यावर मी गिटार पुसायला घेतली. द्यायचीच तर धूळ लावून कशाला द्यायची. गिटारच्या गोल भोकाखाली एक काळी-तपकिरी पट्टी चिकटवलेली असते, वाजवताना लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून. ह्यांची पट्टी इतक्या वर्षांत घासून पांढुरकी झाली होती, मधे तर झिजून लाकूड दिसायला लागलं होतं, आणि खालचा कोपरा सुकलेल्या पानासारखा वर वळला होता. पुसताना त्या कोपऱ्यात फडकं अडकलं आणि सुटलं. फर्र.

मी तो आवाज ओळखला.

दार लोटून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या तारांना मी कधी बोट लावलं नव्हतं. अंगठ्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या. खरखर आली. मग दुसऱ्या हाताने तो कोपरा दाबून धरला आणि परत छेडल्या. आवाज स्वच्छ. पुन्हा सोडला, पुन्हा खरखर. म्हणजे हात गेला नव्हता, पट्टी गेली होती.

ते दुपारी जेवायला आल्यावर मी सांगायला गेले. मला चार वाक्यं एकापुढे एक सांगता येत नाहीत. आवाज, कोपरा, पट्टी असं काहीतरी बोलले. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "माझी समजूत काढू नकोस गं." टाके सुटायला लागले की कापड नाही, मशीन बघायची, एवढं मला कळतं. पण ते मला बोलता येत नाही, करता येतं.

जुन्या पट्टीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून बोटाने कडा दाबत मी तिचा पॅटर्न काढला. गोल भोकाकडची बाजू अगदी ब्लाउजच्या गळ्यासारखी निघाली. तो कागद पिशवीत घालून बुधवारी स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानासमोरून दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले. आत गेल्यावर दुकानदाराला म्हणाले, गिटारचं ठिगळ पाहिजे.

तो म्हणाला, "ठिगळ?"

मी कागद काढून दाखवला. तो हसला, पण चांगला हसला. "पिकगार्ड पाहिजे तुम्हाला, आंटी." त्याने मागून चिकटणारी एक मोठी शीट दिली, काळ्यावर तपकिरी ढगांची, म्हणाला, कापून घ्या, पण एकदा चिकटली की हलवायची नाही. जुनी काढताना खेचू नका, लाकडाचा पापुद्रा निघेल, आधी गरम करा. टेलर आहात का, असंही विचारलं. कागदावरच्या खुणांवरून त्याला कळलं असणार. मी मान हलवली.

गुरुवार वाडीत पाणी सोडायचा दिवस, म्हणजे हे संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मुलीला सुट्टी होती. इस्त्रीवर फडकं तापवून ते मी पट्टीवर धरायचं, निवलं की परत तापवायचं. गोंद मऊ झाल्यावर वर आलेल्या कोपऱ्याखालून नायलॉनचा दोरा घातला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा पुढे-मागे ओढत गेले. पट्टी हळूहळू सुटली, लाकडाला धक्का न लागता. उरलेला गोंद बोटाने चोळून त्याच्या गोळ्या केल्या, टिकलीचा गोंद काढतात तशा.

मग शीट पालथी घातली, कागदाचा पॅटर्न उलटा ठेवून खडूने आखला आणि कात्रीने कापला. कापून झाल्यावर मुलगी बघतच राहिली. "मम्मी, हे काय? रेघेच्या बाहेरून कापलंस."

मी पाहिलं. सगळीकडून अर्धं बोट जास्त. सवयीने मी शिलाईची माया सोडली होती. तीस वर्षं कापड कापतेय, रेघेवर कात्री चालवायला हात तयारच होत नाही.

मुलगी हसून हसून खाली बसली. "आता काय गिटारला टीप मारणार? वाढत्या अंगाची आहे ती, उसवून मोठी करता येईल." मलाही हसू आलं, पण आतून ओशाळले. रेघेवर कापून टाकावं म्हणून कात्री परत उचलली. कापायच्या आधी, नक्की किती जाईल ते बघावं म्हणून तुकडा गिटारवर ठेवला. आणि तेव्हा दिसलं की लाकडावरचा डाग जुन्या पट्टीपेक्षा मोठा आहे. पट्टी जिथे होती तिथलं लाकूड फिकं, पण त्या फिक्या जागेची कड माझ्या रेघेच्या बाहेर होती. इतक्या वर्षांत पट्टी सुती कापडासारखी आटली होती. म्हणून तर कोपरा वळला होता. जुन्या मापाने कापलं असतं तर चहूबाजूंनी उघडी, गोंदाने खडबडीत झालेली किनार राहिली असती.

मुलगीही वाकून बघायला लागली, हसायची थांबली.

आता माप जुन्या पट्टीचं नाही, लाकडाचं घेतलं. गळ्याच्या बाजूने माया पूर्ण काढली, नाहीतर तुकडा भोकात शिरला असता. बाकी कडेने जिथे जेवढी लागेल तेवढी ठेवली. कडा काचपेपरने घासल्या. आधी चिकटपट्टीचे तुकडे लावून जागा पक्की केली, कच्चे टाके घालतो तशी. मग मागचा कागद एका बाजूने थोडा थोडा सोडवत, तळहाताने दाबत नेली. एक बुडबुडा राहिला, खालच्या अंगाला. तो अजूनही आहे.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी खोळ उघडली. दुसऱ्या दिवशी द्यायची म्हणून तारा पुसणार होते. पट्टीवर हात थांबला. अंगठा त्यांनी कडेवरून सगळा फिरवला, कापडाची किनार तपासावी तसा.

"माप कशावरून घेतलं?"

"लाकडावरून. थोडी माया सोडलेली होती आधी."

त्यांनी तारा पुसायचं फडकं उचललं. मी म्हणाले, "द्यायची आहे ना, मग एकदा वाजवून बघा. खरखर असलेली कशी देणार लोकांना."

माझ्या तोंडून एवढं लांब वाक्य कसं निघालं कोण जाणे. मी आत येऊन मशीनवर बसले, पण पाय हलवला नाही.

पहिल्यांदा बोटं अडखळली. मनगट अजून कडक होतंच, ते पट्टीने बरं होणार नव्हतं. पण आवाज स्वच्छ आला. ते थांबले. पुन्हा तेच वाजवलं, हळू. मग एकच तार बराच वेळ छेडत राहिले, कान लावून, आधी जे येत होतं ते येतंय का बघत. नव्हतं येत.

"ही तार उतरलीय," ते बाहेरून म्हणाले. हात गेलाय, असं नाही म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, गिटार पाठीवर घेऊन गेले. मी बायकांच्या मागच्या बाकावर होते. दोन गीतांना त्यांनी वाजवलं, तिसऱ्याला हात मांडीवर ठेवून नुसते गायले, चौथ्याला परत वाजवलं. मिस्सेनंतर मंडळाच्या प्रमुखांशी बराच वेळ काहीतरी बोलत उभे होते. मी पुढे जाऊन विचारलं नाही, घरी येऊन चुलीला लागले.

थोड्या वेळाने ते आले. गिटार पाठीवरच होती. नाताळपर्यंत दोन-दोन गीतं वाजवायची असं ठरलं म्हणाले, हात जसा सुटेल तशी वाढवायची. आणि मंडळातल्या एकाच्या गिटारची पट्टीही उखडलीय, तुला दाखवायला आणणार आहे, असं सांगून त्यांनी गिटार माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. खाली एका बाईचं ब्लाउजपीस होतं, संध्याकाळी द्यायचं. गिटार उचला, असं मी म्हणणार होते, पण म्हणाले नाही. ब्लाउज दुसऱ्या दिवशी दिला.