माफ होणारं वर्ष

मी जुन्या अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होते. आमचं गाव इस्लामपूरजवळ. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एकाहत्तरच्या लढाईत एक पाय गमावून पेन्शनीवर घरी आले होते. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरी, तीन वर्सं शिकवीन. चौथं माझ्यानं व्हायचं न्हाई. मागं धाकटा हाय." आणि मॅट्रिकनंतर बी.एस्सी. व्हायला चार वर्षं लागायची.

वाट काढली ती आमच्या गणिताच्या सरांनी. सांगलीच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांना ते जाऊन भेटले आणि हसतच परत आले. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी एस.टी.नं सांगलीला जायचं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तासांना बसायचं. राहिलेलं सर शिकवणार. अखेरीला त्या मुलांबरोबर परीक्षा द्यायची. पास झाले की ते वर्ष मला माफ.

पहिल्या दिवशी मी शाळेच्याच गणवेशात गेले, दोन वेण्या, लाल रिबिनी. मागून एकजण म्हणाला, "ए, शाळा तिकडं हाय, पलीकडं." सगळे हसले. दिवाळीपर्यंत तोच माझ्याकडून गणितं समजून घ्यायला लागला. एस.टी.च्या खिडकीशी बसून मी मनातल्या मनात समीकरणं सोडवायचे आणि वाटायचं, आपण आता शाळेतल्या राहिलोच नाही.

परीक्षेत मी पास झाले. मॅट्रिकलाही चांगले गुण पडले. दादांनी कुबडी टेकत गल्लीभर पेढे वाटले.

जूनमध्ये दादा, सर आणि मी कॉलेजात गेलो. जुने प्राचार्य उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी गेले होते. नव्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण मॅट्रिक व्हायच्या आधी दिलेली कॉलेजची परीक्षा विद्यापीठ धरत नाही. असा नियमच नाही."

सर म्हणाले, "साहेब, पेपर तुमच्याच प्राध्यापकांनी तपासलेत!"

"त्यांनी कौतुकानं तपासले असतील. पहिल्या वर्षात नाव घाला. सगळं तिला येतंच आहे, वर्ष सोपं जाईल."

दादा उठले. "चला. वरनं हुकूमच न्हाई, तर साहेब तरी काय करणार?"

फाटकाशी सर थांबले. "विद्यापीठात जाऊन बघतो, कुणीतरी ऐकेल," असं काहीतरी म्हणत होते.

"आवं सर, ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले. "लय केलंत तुमी."

मी रडले नाही. दादांनी माझं नाव डी.एड.ला घातलं, दोन वर्षांत मी मास्तरीण होणार होते. सरांनी पुढं अकरावीचा वर्ग मागून घेतलाच नाही. ते सातवीला भूगोल शिकवायला लागले. रस्त्यात भेटले की, "बरं आहे ना?" एवढंच विचारायचे आणि उत्तराआधी पुढं जायचे.

डी.एड.चा माझा पहिला सराव पाठ दुसरीच्या वर्गावर होता, चिंचोक्यांची बेरीज. मी फळ्याकडं तोंड करून बोलत राहिले. मुलं चिंचोके खेळत बसली. तपासायला आलेल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला गणित फारसं जमत नाही वाटतं."

मी म्हणाले, "नाही जमत, बाई."