मेट्रनबाईंची खिडकी

गल्लीतल्या जुन्या घरांना सरकारी संरक्षण मिळालं आणि देखरेखीला वारसा समिती नेमली गेली, तेव्हा सगळी गल्ली हरखून गेली आणि एकट्या मेट्रनबाईंनी नाक मुरडलं.

“म्हणजे आता घराला ताप आला तरी समितीला विचारून गोळी द्यायची,” त्या म्हणाल्या.

त्यांची उभी हयात सरकारी इस्पितळात गेली होती. राउंडला आलेल्या डॉक्टरच्या बुटांकडे आधी बघायचं आणि ते स्वच्छ असले तरच त्याला वॉर्डात सोडायचं, अशी बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मेट्रनबाईच म्हणायची. त्यांच्या दारासमोर गाडी लावायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचे यजमान शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. बाईंचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा, यजमानांचा शेजारच्या खोलीतही नाही. बाई कुणावर तरी तोंडसुख घेत असल्या की ते पेपर खाली ठेवायचे, “जाऊ दे गं” म्हणायचे आणि पेपर परत वर घ्यायचे. एवढ्यावर त्यांचा संसार निभला होता.

मग एके सकाळी दात घासताघासता त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळं समजायचं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन हरवायचे. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. पहिल्यांदा जो शब्द आला तो ‘जाऊ दे’.

“भाषेतले एवढे शब्द सोडून नेमका हाच मेला परत आला!” मेट्रनबाई मुलीला म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या. मुलीला कळलं, पण ती त्यांच्या मागे गेली नाही. आईला रडताना पाहिलेलं आईला चालत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

यजमानांचा पलंग पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी लावला. त्या खिडकीचे फोटो काढायला लोक लांबून यायचे. खालचा अर्धा भाग कोरीव फळ्यांनी बंद, आणि वर तळहाताएवढ्या रंगीत काचा, तांबड्या, निळ्या, पिवळ्या. बाहेरून बघणाऱ्याला ती देखणी होती यात वादच नाही. पण पलंगावर आडव्या माणसाला समोर दिसायचं ते निव्वळ लाकूड. दुपारी ऊन आलं की पिवळ्या काचेचा उजेड बरोबर यजमानांच्या गालावर पडायचा, आणि बाईंच्या मनात दरवेळी कावीळ येऊन जायची.

त्यांनी कारागीर बोलावला आणि खिडकी चौकटीसकट काढायला लावली. तिथे सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवली, पलंगाच्या उंचीपासून वरपर्यंत एकसंध, स्वच्छ काच. जुनी खिडकी चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत उभी केली. कुणाला विचारलं नाही. विचारायची त्यांना सवयच नव्हती.

“आता बघा तुमचा रस्ता,” त्या यजमानांना म्हणाल्या. यजमान बघत राहिले.

बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. समितीच्या सेक्रेटरीबाई समोरच्याच घरात राहायच्या. ते घर त्यांनी हौसेनं विकत घेतलं, आतून पार पोखरलं आणि पुढची भिंत तेवढी शाबूत ठेवली. बाहेरून शंभर वर्षांचं घर, आत पाऊल टाकलं तर हॉटेलची लॉबी. एसीच्या यंत्रावर त्यांनी कबुतरखान्यासारखी लाकडी पेटी चढवली होती; कबुतरंही फसून तिच्यावर येऊन बसायची. दारावरचा गंजका कंदील तर त्यांनी ऑनलाइन मागवला होता, कोरा करकरीत, गंजासकट. अशा बाईच्या डोळ्यांत ॲल्युमिनियम न खुपलं तरच नवल.

नोटीस आली आणि तिच्या पाठोपाठ अध्यक्ष आले, सेक्रेटरीबाईंना घेऊन. अध्यक्ष म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ‘वारसा’ हा शब्द आला की ते क्षणभर डोळे मिटायचे. रस्त्यात उभं राहून त्यांनी नव्या खिडकीकडे असं पाहिलं की जणू तिथे कुणाचा मुडदा पडलाय. काचेपलीकडून यजमान त्यांच्याकडे बघत होते. अध्यक्षांनी नजर चुकवून चौकटीचा फोटो काढला.

“आत या की,” मेट्रनबाई दारातून म्हणाल्या. “माणूस बघायला आलात तर चहा मिळेल. खिडकी बघायला आला असाल तर बाहेरूनच बघा.”

“बाई, गैरसमज नको,” अध्यक्ष म्हणाले. “तुमची अडचण आम्हाला समजते. पण खिडकी तुमच्या घराला असली तरी ती साऱ्या गल्लीची आहे.”

“असं होय? मग इतकी वर्षं गल्लीनं येऊन पुसायची होती. ती नक्षी पुसताना माझी नखं झिजली. गल्लीतलं कुणी एकदाही फडकं घेऊन आलेलं आठवत नाही मला.”

“अहो काकू, भावना समजून घ्या ना,” सेक्रेटरीबाई मध्ये पडल्या. “त्या काचांमधून येणारा उजेड म्हणजे एक अनुभव आहे.”

“तुम्ही घ्या तो अनुभव. पलंग रिकामा करून देते, झोपा आठवडाभर.”

अध्यक्षांनी सुनावणीची तारीख सांगितली आणि दोघं काढता पाय घेऊन गेले. मेट्रनबाई आत येऊन यजमानांना म्हणाल्या, “बघितलंत? दाढीला रंग लावतो आणि खिडकी अस्सल पाहिजे म्हणतो.” यजमानांच्या ओठाची डावी कड किंचित वर गेली. बाईंना तेवढ्यानं जोर आला.

सुनावणी समितीच्या कार्यालयात झाली. छताला नवा मुलामा, भिंतीवर घरांच्या फोटोंच्या मोठमोठ्या चौकटी. एकाही फोटोत माणूस नव्हता. दार, कमान, जिना, कठडा, सगळं रिकामं, जणू गल्लीत प्लेगची साथ येऊन गेली होती. मुलीनं येताना आईला बजावलं होतं, “आई, आज आवाज चढवायचा नाही. गोडीगुलाबीनं घे.” आणि मेट्रनबाईंनी खरंच गोडीगुलाबीनं घेतलं. यजमानांचं दुखणं सांगितलं, पलंगाची उंची सांगितली, जुनी खिडकी जपून ठेवली आहे हेही सांगितलं. सदस्यांनी आपसात कुजबुज केली. अध्यक्ष प्रसन्न चेहऱ्यानं त्यांच्याकडे वळले.

“बाई, समिती काही दगडाची नाही. आम्ही तुम्हाला खास सवलत देतोय. नवी खिडकी राहू द्या.”

मुलीनं सुटकेचा श्वास टाकला.

“फक्त तुम्ही लिहून द्यायचं,” अध्यक्ष पुढे म्हणाले, “की रुग्ण हयात असेपर्यंतच ही व्यवस्था. त्यानंतर महिन्याभरात मूळ खिडकी पूर्ववत.”

मेट्रनबाईंनी पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली.

“परत म्हणा.”

“म्हणजे... भाषा जरा तांत्रिक आहे, पण—”

“मी इस्पितळात आयुष्य काढलं. माणूस कधी जाणार हे विचारायला नातेवाईक यायचे, ते निदान दबक्या आवाजात विचारायचे. काहींना लाजही वाटायची. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या मरणाला चौकट बसवताय आणि वर तोंड भरून हसताय! महिन्याभरात म्हणे. दिवस करायचे की सुतार शोधायचा?”

“काकू, तसं नाही हो,” सेक्रेटरीबाईंचा चेहरा पडला.

“तसंच आहे. तुमच्या एसीवर कबुतरं हगतात ना, त्यांना कळत नाही ती पेटी खोटी आहे. मला कळतं.”

त्या उठल्या. मुलगी मागून “आई, सही कर गं, शब्दच तर आहेत” म्हणत जिना उतरली. रस्त्यात बाई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आणखी एक काहीतरी होतं. ते वाक्य ऐकताना त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला होता, नर्सचा हिशेब, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला होता.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांपासून काही लपवलं नाही. अध्यक्षांची नक्कल करत, डोळे मिटून, दाढी कुरवाळत सगळं सांगितलं. “रुग्ण हयात असेपर्यंत!” त्या म्हणाल्या, आणि पलंगावरून एक चमत्कारिक आवाज आला. त्या धावल्या. त्यांना वाटलं श्वास अडकला. पण यजमान हसत होते. अर्ध्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदा गदगदा हलवत हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच. बाईही हसायला लागल्या. मुलीनं दोघांकडे बघून कपाळाला हात लावला.

हसू ओसरल्यावर यजमानांनी डाव्या हाताचं बोट काचेकडे केलं. ओठ बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले.

“बा... हेर.”

“हो, बाहेरचं दिसतंय ना आता छान? ही खिडकी मी काढू देत नाही. येऊ देत कोण येतं ते.”

त्यांनी मान हलवली. नाही. मग हात पलंगाच्या कठड्यावर आपटला आणि परत म्हणाले, या वेळी स्पष्ट, जरा चिडून, “बाहेर.”

मेट्रनबाई उभ्याच राहिल्या. चाकांची खुर्ची कोपऱ्यात घडी घालून ठेवली होती. ती इस्पितळात न्यायला तेवढी उघडायची. लाळ गळते, मान कलते, लोक बघतील, कीव करतील, म्हणून त्यांनी हा माणूस आत ठेवला होता आणि त्याला काच बसवून दिली होती. आयुष्यभर ज्यानं रस्त्यावर काम केलं, त्याला मत्स्यालयातल्या माशासारखा त्या सांभाळत होत्या. समितीनं त्याला विचारलं नव्हतं हे खरं. पण त्यांनी तरी कुठं विचारलं होतं?

“एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं?” त्या म्हणाल्या. हा प्रश्न किती मूर्खपणाचा आहे हे त्यांना बोलताबोलताच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं आणि जुनी खिडकी परत बसवायला सांगितली. मुलगी चक्रावली. “अगं, सवलत मिळत होती ना?”

“त्यांची सवलत त्यांनाच लखलाभ. त्या कागदावर माझी सही होणार नाही, आणि ती काच आता लागतही नाही.”

उंबऱ्याला पायऱ्या होत्या. बाईंनी एक जाड फळी आणली, पायऱ्यांवर टाकली आणि यजमानांना खुर्चीसकट रस्त्यावर आणलं. अंगात बनियन, पायजमा, खांद्यावर लाळ पुसायला पंचा. देखण्या खिडकीच्या अगदी खाली, जिथे फोटो काढायला लोक उभे राहत, तिथे खुर्चीला ब्रेक लावला आणि शेजारी स्टूल टाकून स्वतः पालेभाजी निवडत बसल्या.

फळीबद्दल सेक्रेटरीबाईंनी तक्रार केलीच. “मूळ पायऱ्या झाकल्या जातात.” मेट्रनबाई रोज दुपारी फळी उचलून आत ठेवायच्या, हा कायमचा बदल नव्हे, म्हणून नियम लागू होईना. मग पर्यटक घेऊन येणाऱ्या गाईडनं गळ घातली, “आजोबांना जरा बाजूला घेता का? फ्रेममध्ये येतात.”

“फ्रेममध्ये येत नाहीत, ते इथेच राहतात. फ्रेम तुम्ही घेऊन आलात.”

अखेर अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी बनियनकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं, खाकरले.

“बाई, म्हणजे... दर्शनी भागाला शोभेल असं काही घालता येईल का त्यांना?”

“नियमावलीत दारं आहेत, खिडक्या आहेत, कौलं आहेत, गटाराची झाकणंसुद्धा आहेत. माणसांबद्दल काही लिहिलंय का त्यात? मी दोनदा वाचली, मला सापडलं नाही.”

अध्यक्ष निघाले तेव्हा यजमानांनी डावा हात वर केला. त्यांनाही हात वर करून उत्तर देणं भाग पडलं, आणि तेव्हापासून रोजचंच झालं.

बाहेर बसल्यावर यजमानांचे शब्द खरंच यायला लागले. दूधवाल्याला “उशीर” म्हणाले. चुकीच्या बाजूनं आलेल्या स्कूटरवाल्याला त्यांनी असा एक शब्द हासडला की मेट्रनबाईंनी भाजी खाली ठेवली; चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. बसचा जुना कंडक्टर सायकलवरून यायचा आणि तासन्‌तास बोलायचा. एके दिवशी सेक्रेटरीबाईंच्या सासूबाई, ज्या त्या घरात राहतात हेच गल्लीला माहीत नव्हतं, त्या हॉटेलच्या लॉबीतून काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “माझ्यासाठी एक स्टूल आहे का हो?”

वर्षअखेरीस समितीनं मेट्रनबाईंना प्रशस्तिपत्र जाहीर केलं. मूळ वास्तुवैशिष्ट्य ‘स्वेच्छेनं’ पुनर्स्थापित केल्याबद्दल. मुलीला वाटलं आई ते फाडून टाकेल. पण मेट्रनबाईंनी निरोप धाडला, सभेला येणं जमणार नाही, इथे येऊन द्या आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवा, आमच्या ह्यांना ऐकायचंय.

आले बिचारे. कोट घातलेले अध्यक्ष, फुलांचा गुच्छ धरलेल्या सेक्रेटरीबाई, एक फोटोग्राफर. गल्ली जमा झाली. अध्यक्षांनी डोळे मिटून ‘वारसा’पासून सुरुवात केली. ‘स्वेच्छेनं’ या शब्दाला मेट्रनबाईंनी इतक्या मोठ्यानं नाक शिंकरलं की अध्यक्षांना ते वाक्य पुन्हा वाचावं लागलं. मजकूर लांबलचक होता आणि ऊन कोवळं होतं. तिसऱ्या परिच्छेदापाशी यजमानांची मान कलली आणि ते चक्क घोरायला लागले.

अध्यक्ष थांबले.

“थांबू नका, वाचा,” मेट्रनबाई यजमानांचं तोंड पंच्यानं पुसत म्हणाल्या. “रात्री त्यांना झोप नव्हती. बरं झालं तुम्ही आलात.”