अक्का आणि तीन सेलांचा बल्ब

वसमतच्या बाजारात अक्का दुकानाची पायरी चढल्या की गल्ल्यावरच्या शेटजींचा चेहरा आंबट व्हायचा. बॅटरीचा बल्ब मागताना त्या आपली बॅटरी सोबत नेत. पितळी मानेवरचा बारीक आकडा डोळ्याजवळ धरून वाचत, मग आटे बोटांनी फिरवून पाहत. बल्ब बॅटरीत बसवून बटण दाबायच्या, आणि उजेड मनासारखा नसेल तर गल्ल्यावर परत ठेवून म्हणायच्या, "ह्यो दोन सेलाचा हाय. माझ्या बॅटरीत तीन सेल हायेत. मला काहून देऊन राहिला?"

शेटजी भिंगाच्या टोकाचा बल्ब पुढे करीत. म्हणत, याचा झोत लांब जातो. अक्का तो हातातही घेत नसत. "लांबचं शिकाऱ्याला दिसलं पाहिजे. मला वीतभर अंतरावरचं बघायचं असतं. साध्या गोल काचेचा द्या, उजेड पसरला पाहिजे."

माझ्या या थोरल्या नणंदबाई. ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या कुरुंद्याला माहेरी परतल्या आणि पुढे लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकून आल्या. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली. भर दुपारी तिथे स्वतःचा हात दिसत नसे. वारा लागू नये, नजर लागू नये, म्हणून झरोक्यालाही चिंध्या कोंबलेल्या. कोणीतरी रॉकेलची चिमणी धरून उभं राही आणि तिचा धूर बाळाच्या नाकात जाई. अक्कांनी पहिल्या कमाईतून बॅटरी घेतली ती या खोल्यांसाठी.

त्या चिडक्या होत्या. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. बाळंतिणीला उपाशी ठेवणाऱ्या सासूवर चिडायच्या, मळक्या विळीनं नाळ कापायला निघालेल्या बायकांवर चिडायच्या. एकदा मी भीतभीत विचारलं, "अक्का, जरा गोडीनं सांगितलं तर?" त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "गोडीनं सांगून बगितलं, यमे. गोडीनं सांगितलं की लोक व्हय व्हय म्हनतेत अन् मनाचंच करतेत. चिडल्याबिगर ऐकतच न्हाईत."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रॉकेल दिसेना, सेल दिसेनात, बल्ब तर नाहीच. अशात अक्कांचा जुना बल्ब गेला. बाजाराच्या दिवशी त्या एका बाळंतिणीजवळ अडकल्या होत्या, म्हणून माझे मालक वसमतला गेले. अक्कांनी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं: तीन सेलांचा, गोल काचेचा. मालकांनी तसाच मागितला. शेटजी म्हणाले, तिनाचाच आहे, अगदी शेवटचा. पेटवूनही दाखवला. उजेड पांढराशुभ्र पडला आणि मालक खूश होऊन घरी आले.

अक्कांनी बल्ब दारात उजेडाला धरला. मानेवर आकडा नव्हता. आकड्याच्या जागी कशानं तरी खरवडलेलं होतं. "हे काय हाय?" असं त्यांनी विचारायला आणि माळावरच्या लमाणी तांड्यातून लालू धावत यायला एकच गाठ पडली. त्याची बायको सोनी बाळंत झाली होती, मूल रडलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. दुसरा बल्ब घरात नव्हता. अक्कांनी तोच बसवला, पेटी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल, धरायला कोन तरी पायजे."

बाहेर मार्गशीर्षातलं लख्ख ऊन होतं. तुराट्यांच्या कुडाच्या झोपडीत वाकून शिरलो आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. मी बॅटरी धरली. सोनी पांढरीफटक पडली होती. अक्कांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आतून फाटलंय. टाके घालावे लागतील. हलू नको." त्यांनी सुई उकळलेल्या पाण्यातून काढली. पहिला टाका पडला. दुसऱ्यासाठी सुई टेकवली आणि माझ्या हातातला उजेड एकदम आणखी पांढरा झाला. मग गेला.

मी बटण दाबत राहिले. अक्कांनी अंधारातच एका हातानं कापड दाबून धरलं होतं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "जळला. दोन सेलांचाच व्हता तो, तीन सोसवले न्हाईत. कूड पाडा."

दारातला तांड्याचा म्हातारा नाईक गोंधळला. "बाई, आत बाळंतीण हाय. भाईर मानसं हायेत."

"मानसांना पाठ करून उभं ऱ्हायला सांगा. कूड पाडा."

"तिला भाईर घेतलं तर..."

"हलवली तर मरंल. माजा हात निघाला तरी मरंल. तुमाला लाज पायजे का ही पोरगी पायजे, ते सांगा."

कोणी जागचं हललं नाही. तेव्हा अक्का मला म्हणाल्या, "यमे, तू पाड." मी तुराट्यांच्या त्या भिंतीवर लाथ घातली. शेणामातीचा गिलावा पडला, कूड मात्र हलला नाही. मी पुन्हा लाथ घातली. मग बाहेरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. लालूच होता तो. भिंतीचा अर्धा भाग बाहेर कोसळला आणि ऊन सोनीच्या पायांवर पडलं. तांड्यातल्या बायका ओढण्या पसरून बाहेर आडोशाला उभ्या राहिल्या. धुळीत बसून अक्कांनी उरलेले टाके घातले. सोनी वाचली.

पुढच्या बाजारी अक्का मला घेऊन वसमतला गेल्या. त्यांनी जळका बल्ब गल्ल्यावर ठेवला. "ह्याचा आकडा कोनी खरवडला?"

शेटजी हसले. "बाई, लढाई चालू आहे. माल मिळतो कुठं? आला तो दिला."

"न्हाई म्हनायचं व्हतं. न्हाई म्हनला असता तर मी जाताच कूड पाडला असता, मग सुई धरली असती. तुमी हाय म्हनून सांगितलं. तुमच्या सांगन्यावर मी एका लेकराच्या मायच्या अंगात सुई घातली अन् अंधार झाला."

माणसं जमली होती. कुठून किती रक्त वाहत होतं, तेही अक्कांनी मोठ्यानं सांगितलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेटजींचा आवाज चढला, "चारचौघांत असलं बोलता, लाज वाटत नाही? हा घ्या दुसरा, पण जा." असं म्हणून त्यांनी गल्ल्याखालच्या डब्यातून एक बल्ब काढला.

अक्कांनी आकडा वाचला. तो तीन सेलांचाच होता, गोल काचेचा. डब्यात तसे आणखीही होते. हाकिमांच्या बंगल्यांसाठी राखलेले असावेत. अक्का त्या डब्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हा बल्ब त्या शेटजींच्या तोंडावर फेकतील. त्यांनी तो बॅटरीत बसवून पाहिला, पदराच्या टोकात बांधला, आणि आम्ही निघालो. बल्ब लागणारच होता. तो फेकायचीसुद्धा त्यांना सोय नव्हती. वाटेत त्या पदराची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या. तशा त्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. मामंजींनी शेटजींना एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी लेकीचं बाजारात जाणं बंद केलं. त्यानंतर बल्ब आणायला दुसरी माणसं जात, आणि अक्का आलेला प्रत्येक बल्ब दारात बसून तपासत. खराब निघाला की आणणाऱ्याला त्याच पावली परत पाठवीत. कोण आणायला गेलं होतं, हे बघत नसत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अक्का तापानं गेल्या. तेराव्याला ओसरीवर गावातली माणसं बसली होती. बायका आत होत्या. गावच्या पाटलांनी घसा साफ करून बोलायला सुरुवात केली. "मोठी शांत बाई. सोशिक. कधी कुनाला उंच आवाजात बोलली न्हाई. साक्षात माऊली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजींनीसुद्धा.

मी दाराआड उभी होते. मामंजींसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी उंबऱ्याच्या बाहेर आले.

"खोटं हाय ते," मी म्हणाले. "अक्का वरडायच्या. तुमच्या दारात वरडल्या व्हत्या, पाटील. तुमी सुनेला दोन दिवस अडलेली ठेवली, दवाखान्याची गाडी नको म्हनलात, तवा वरडल्या. अर्ध्या गावानं ऐकलं. म्हनून तुमची सून आज नांदून राहिली. त्या शांत व्हत्या असं ह्या घरात बसून कोनी म्हनू नका."

मालक उठून उभे राहिले. मामंजी हळूच म्हणाले, "आत जा."

मी गेले नाही.