निळ्या रेघेच्या खाली

सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल. बाकीचे शहर तापीने आणलेल्या गाळावर इतके सपाट बसलेले आहे की समोच्च रेषा म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या माणसाला शब्दांतूनच शिकावे लागते. समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, ही व्याख्या मला शाळेपासून पाठ होती. त्या रेषांवरून डोंगर डोळ्यांपुढे उभा करणे मात्र मी नोकरीला लागल्यावर शिकले, आणि तेही हातातल्या कागदावर, शिकवणाऱ्यावर आणि सोबतिणीवर सारखाच अविश्वास ठेवून.

अविश्वासाला कारण होते. जागा एकच होती. एका संशोधन संस्थेची तुकडी एप्रिलमध्ये सातपुड्यातल्या झऱ्यांची पाहणी करायला जाणार होती आणि पाण्याचे नमुने गोळा करण्यासाठी तिला एक विज्ञान पदवीधर हवा होता. अट अशी की त्याने नकाशा आणि होकायंत्रावर एकट्याने वाट काढली पाहिजे, कारण त्या दऱ्यांत फोन चालत नाही. मी तेव्हा हजीऱ्याच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासत असे. बाटल्या बंद यायच्या. कोणते पाणी कुठून आले, हे मला बाटलीवरच्या चिकटपट्टीखेरीज कुणी सांगत नसे. दोन वर्षे नोकरी न सोडण्याच्या करारावर सही करण्यासाठी प्रयोगशाळेने मला मार्चअखेरपर्यंत मुदत दिली होती. त्याआधी तुकडीत शिरायचे, नाहीतर दोन वर्षे बाटल्या.

नकाशा शिकवणारे सर भूमापनातून निवृत्त झालेले. तीन पिढ्या सुरतेत राहिलेले मराठी घर, त्यामुळे बोलण्यात गुजराती मिसळलेली. दिंडोलीच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानात ते रविवारी सकाळी वर्ग घेत. संस्थेला कुणाची शिफारस करायची, हेही त्यांनीच ठरवायचे होते. सुरुवातीला बरेच जण आले. उन्हे तापू लागली तसे गळाले, आणि शेवटी त्या जागेसाठी दोघीच उरलो. दुसरी नवागामची. तिचे वडील धुळ्याकडून येऊन यंत्रमागावर लागलेले. ती भूगर्भशास्त्राची पदवीधर. घरी अहिराणी बोलत असे आणि माझ्याशीही मुद्दाम अहिराणीच बोलत असे. माझे वडील बँकेत, आई शिक्षिका. आमच्या घरी पुस्तकी मराठी. तिने पहिल्याच दिवशी माझे नाव बाजूला ठेवून मला ‘मॅडम’ करून टाकले.

सरांच्या पद्धतीत दोघींनी जोडीने चालायचे असे. एक मागे होकायंत्र डोळ्याला लावून उभी राहते, दुसरी पुढे जाते. मागची तिला डावीकडे-उजवीकडे सरकवून दिशेच्या रेषेवर आणते, मग स्वतः तिथवर चालत जाते आणि पुन्हा तेच.

“मागची म्हणजे डोळा, पुढची म्हणजे काठी,” सर सांगत. “काठीनं बोलायचं नाय. उभं राहायचं, बस.”

पहिल्या सरावात मी काठी होते. तिने मला डावीकडे, अजून डावीकडे, अजून थोडी, असे करत गटाराच्या चिखलात घोट्यापर्यंत उतरवले.

“सुई म्हणी तशी मी म्हणनू,” ती म्हणाली. सुई म्हणाली तसे मी म्हटले.

होकायंत्र पुढे घेऊन मी स्वतः ती दिशा मोजली. चार अंशांचा फरक होता. ती लोखंडी कुंपणाला टेकून उभी होती आणि लोखंड सुईला ओढते, हे सरांनी त्याच सकाळी सांगितले होते. ती ते विसरली की तिने ते वापरले? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अर्धवट सोडता येत नाही. मी त्या दिवसापासून तिची प्रत्येक दिशा उलटून तपासू लागले. ती पुढून ओरडे, “झाली का चौकशी, मॅडम?”

परीक्षा मार्चमध्ये, उकाई धरणाच्या फुगवट्याकाठच्या डोंगरांत होती. सरांनी जीप सांगितली होती. व्याऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा ती आणि सर टपरीच्या मागे काही वेळ बोलत उभे होते. मी जवळ जाताच बोलणे थांबले. ती कप खाली ठेवून हसली. जीपमध्ये बसल्यावर मी माझा नकाशा तिला दिसू नये असा घडी घालून धरला.

नकाशा जुना होता, धरण बांधण्यापूर्वीचा. त्यावर फुगवटाच नव्हता. होती ती एक बारीक नदी, तिच्या दोन्ही बाजूंना शेते आणि आता पाण्याखाली असलेल्या गावांची नावे.

“नवा का नाही दिला, सर?” मी विचारले.

“नव्यावर तू डोळे मिटून विश्वास ठेवशील, बेटा. जुन्यावर ठेवणार नाहीस.”

धरण पूर्ण भरल्यावर पाणी किती उंचीपर्यंत येते, ते त्यांनी सांगितले होते. त्या उंचीची समोच्च रेषा आम्ही दोघींनी आपापल्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने आधीच गिरवून आणली होती. म्हणजे कागदावर पाण्याचा काठ तयार. फोन सरांनी कापडी पिशवीत गोळा केले आणि शेवटचा नियम सांगितला: पोहोचल्यावर आपण नेमक्या कुठे उभ्या आहोत, ती खूण प्रत्येकीने आपल्या नकाशावर शाईने करायची. खोडाखोड दिसली तर परीक्षा संपली. एकमेकींचा नकाशा पाहायचा नाही.

मग आम्ही सरांनी दिलेल्या दिशेने पाण्याच्या काठाकडे चालू लागलो. सागाची वाळलेली पाने पायाखाली इतकी वाजत होती की पुढच्या माणसाला हाक ऐकू येत नसे. हातानेच सांगावे लागे. ती काठी असताना करवंदीच्या एका जाळीला वळसा घालून पलीकडे गेली आणि रेषेपासून डावीकडे निघाली. मी हात हलवला. तिने पाहिले नाही, किंवा पाहिले नसल्यासारखे केले. मी जाळीपलीकडे पोहोचून मागे वळले आणि आम्ही ज्या पळसाच्या झाडापासून निघालो होतो, त्याच्यावर सुई लावून उलट दिशा घेतली. चूक होती. मात्र ती तिच्या पायांची की माझ्या डोळ्यांची, हे सुईला सांगता येत नव्हते.

“काय सापडनं?” तिने विचारले.

“काही नाही.”

“मंग असं का दखी राह्यनी? चोरटी सापडनी ना तसं!”

चोर सापडल्यासारखी मी तिच्याकडे पाहत होते, हे खरेच असावे. आम्ही रेषा दुरुस्त केली आणि दुपारी एका ओढ्याच्या मुखाशी, अगदी पाण्याच्या कडेला उतरलो. सर आधीच दुसऱ्या वाटेने येऊन एका आंब्याखाली पाण्याचा कॅन घेऊन बसले होते. त्यांनी हातानेच कागदाकडे बोट केले.

तिने वेळ घालवला नाही. पायऱ्यांसारख्या एका दगडावर नकाशा पसरला, क्षणभर पाहिले, शाईने खूण केली आणि घडी घालून तो दप्तरात टाकला. तिचे उत्तर मला न पाहताही कळत होते, कारण माझेही तेच होते. आपण काठावर आहोत, काठ म्हणजे निळी रेघ, आणि ओढा निळ्या रेघेला जिथे मिळतो ती आपली जागा. मी पेनाचे टोपण काढले.

ती मात्र उठून उभी राहिली होती आणि आमच्या मागचा उतार बघत होती. बराच वेळ बघितल्यावर ती माझ्याजवळ आली आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “खूण करी टाकी का?”

“अजून नाही. का?”

“नको करू. पाणी खाले गयं शे. आपण रेघना खाले उभ्या शेत.”

पाणी ओसरले आहे; निळी रेघ वर राहिली आहे आणि आपण तिच्या बऱ्याच खाली उभ्या आहोत, असे ती सांगत होती.

“तू कुठे केलीस?”

“ते तुले काय करनं? ती फाटेल शेंड्याची टेकडी शे ना, तिच्यावर सुई लाव. समजी जाई.”

मी टोपण परत लावले. माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. पहिली, ती खरे सांगत आहे. दुसरी, तिने अचूक खूण केली आहे आणि मला तिथून हलवू पाहत आहे. दोन्ही शक्यतांत ती नेमके हेच बोलली असती, हाच चेहरा करून. तिच्या बोलण्यावरून निर्णय करणे अशक्य होते. म्हणून तिच्यावर अजिबात अवलंबून नसलेला पुरावा मला हवा होता.

मी उतार चढून गेले. माणसाच्या दोन-तीन उंचींवर डोंगराला एक सरळ आडवी कड होती. तिच्या वर साग आणि तिवस, खाली एकही झाड नाही. कडेवर वाळक्या काटक्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि रबरी चपला एका ओळीत अडकलेल्या होत्या, जणू कुणी त्या रांगेने लावून ठेवल्या. कडेपासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ आणि त्यात कुणीतरी लावलेले टरबुजांचे वेल. पावसाळ्यानंतर भरलेले पाणी मार्चपर्यंत इथून खाली गेले होते. आमची निळी रेघ भर आश्विनातली होती.

एवढ्याने मी समाधानी झाले नाही. तिने दाखवलेली दुभंगलेल्या माथ्याची टेकडी मी मुद्दामच वगळली. ती दुसरीच कुठली टेकडी असेल तर? जंगलात पाला जाळल्याचा धूर पसरला होता. त्यातून मला नकाशावर खात्रीने ओळखता येतील अशा दोन टेकड्या निवडायला बराच वेळ लागला. पाण्याकाठी परत येऊन मी त्या दोन्ही टेकड्यांच्या दिशा घेतल्या आणि कागदावर रेषा ओढल्या. त्या निळ्या रेघेवर भेटल्या नाहीत. ओढ्याच्या बाजूने बरेच खाली, जुन्या नकाशावर जिथे एका गावाची शेते दाखवली आहेत, तिथे भेटल्या. मी तिथे शाईचा ठिपका ठेवला. मग, कुणी बघत नाही असे पाहून, फाटलेल्या माथ्याच्या टेकडीवरही सुई लावली. तिची रेषा त्याच ठिपक्यातून गेली.

सरांनी दोन्ही नकाशे मांडीवर घेतले. तिची खूण निळ्या रेघेवर होती.

“पाणी उतरलंय, ते कोणाच्या ध्यानात आलं?” त्यांनी विचारले.

ती पायाने गाळाची खपली फोडत होती. मी म्हणाले, “तिच्या.”

“मग हिची खूण वर कशी?”

“आधी करी टाकी. मंग दिसनं,” ती म्हणाली. आणि सर तिच्याकडे पाहतच राहिले तेव्हा शुद्ध मराठीत, “शाई होती, सर.”

सरांनी दोन्ही घड्या नीट केल्या. “तुकडीला खूण लागते, बेटा. मागून दिसलेलं त्यांना काय कामाचं?” त्यांनी माझा कागद वर ठेवला. शिफारस माझी झाली. मी एवढेच म्हणाले, की तिने सांगितले नसते तर माझी खूणही तिथेच असती. “ते मला समजलं,” सर म्हणाले, आणि निर्णय बदलला नाही. त्यांनी तो बदलावा असा आग्रह मी धरला नाही. मला ती जागा हवी होती.

परतताना सर पुढे चालकाशेजारी बसले. मागे आम्ही दोघी. ती खिशातले शेंगदाणे काढून खात होती. मला दिले नाहीत.

“मला का सांगितलंस?” मी विचारले.

“मी सांगं तेन्हा उलटंच तू करस ना नेहमी.” ती दाणे चावत शांतपणे म्हणाली. “म्हटलं, खाले शेत असं सांगीसन पाहू. तू मुकाट वर खूण करशी. दोन्ही बुडनूत तर पुन्हा परीक्षा.”

दोघीही चुकलो असतो तर परीक्षा पुन्हा झाली असती, असा तो हिशेब. मी तिच्याकडे पाहिले. ती हसत नव्हती. मग हसली.

“आणि खरंच मदत म्हणून सांगितलं असशील तर?”

“तेबी व्हई शकस.”

“यातलं खरं कोणतं?”

“कंपास लाव ना, मॅडम!”

व्याऱ्याच्या टपरीमागे सरांशी काय बोलत होतीस, तेही मी विचारून घेतले. वडिलांच्या गुडघ्यासाठी सरांच्या ओळखीचा डॉक्टर विचारत होते, असे ती म्हणाली. ते शक्य होते. तिचे वडील दिवसभर यंत्रमागापुढे उभे असत. आणखीही काही शक्य होते. मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिले आणि बारडोलीच्या उसातून जीप कधी गेली ते मला कळले नाही.

नवागामच्या वळणावर ती उतरली. दप्तर खांद्याला लावून खिडकीशी आली.

“तठे सातपुडाना पायथाले लोक अहिराणी बोलतीन. झरा कोठे शे, कसं विचारशी? पुस्तकमां दखीसन?”

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. नमुने कुठून घ्यायचे, हे शेवटी गावातल्या माणसांना विचारूनच कळणार होते.

“शिकवशील?” मी म्हणाले.

“शिकाडसू. रविवारले ये. पण खरं शिकाडसू का खोटं, ते तूच तपास.”

प्रयोगशाळेच्या करारावर मी सही केली नाही. रविवारी मी नवागामला गेले. पहिल्या मजल्यावरची खोली, खाली मागांची धडधड, त्यामुळे ती ओरडून शिकवत होती आणि मी ओरडून म्हणत होते. दुपारी ती चहाला दूध आणायला खाली गेली, तेव्हा तिने शिकवलेला एकेक शब्द मी तिच्या आईला विचारून पक्का करून घेतला.