हेडमास्तरने दिलेली एकमेव सूट

ऑफिसात त्याला सगळे हेडमास्तर म्हणत आणि त्याला तो मान वाटायचा. त्याची अक्कल इथेच कळते.

बाळाचं वजन टाकलं की औषधाचा डोस सांगणारं नवं सॉफ्टवेअर मुलांच्या दवाखान्याला हवं होतं. हेडमास्तरने पहिले दोन आठवडे त्याची एक ओळ लिहिली नाही. त्याने पहारा बसवला. कुणीही कोड पाठवला की यंत्र आधी चाचण्या घेणार, खोट निघाली की लाल खूण दाखवून परत पाठवणार. लाल खूण डावलून सूट द्यायची तर कारण आणि नाव नोंदवायचं. पहारा उत्तम होता, हे कबूल करायला हवं. पण सूट द्यायचा अधिकार एकट्या हेडमास्तरकडे राहिला आणि स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

टीममध्ये त्याची सख्खी भाची होती. दोन शब्दांमधल्या एका जास्तीच्या मोकळ्या जागेपायी तिचा कोड परत आला, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "घरी मामा, इथे सर. आणि जरा डोळे उघडून काम करत जा."

तिने ती जागा पुसली आणि पुढच्या चाचण्या लिहायला घेतल्या.

दवाखान्यात प्रात्यक्षिक होतं. ते पटलं तरच काम मिळणार होतं. त्या सकाळी हेडमास्तरने वजन वाचणारा भाग घाईने बदलला आणि लाल खूण आली. भाचीची साडेनऊ किलोची चाचणी अडली होती. पोरीनेच काहीतरी गोंधळ घातला असणार, असं म्हणून त्याने ती उघडूनही पाहिली नाही. सूट दिली, कारण लिहिलं, खूण हिरवी झाली.

वॉर्डात परिचारिकेने बाळाचं वजन टाकलं, ९.५. प्रोग्रामने दशांशचिन्ह गिळलं आणि पंच्याण्णव किलोचा डोस दाखवला.

"एवढं बाळाला द्यायचं?" ती म्हणाली. "त्याच्या आजोबांनाही झेपणार नाही हो!"

दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरांनी विचारलं, "हे तुमच्या तपासणीतून सुटलंच कसं?"

हेडमास्तरने क्षणाचाही विचार न करता सोबत आलेल्या भाचीकडे बोट दाखवलं. "चाचण्या हिने लिहिल्यात."

तिने लॅपटॉपवर नोंद उघडली. "अख्ख्या कामात एकच सूट दिली गेलीय. कारण मोठ्याने वाचू का, मामा?"

तोवर परिचारिकेने वाकून स्वतःच वाचलं, "'मी तपासलंय.'"