मिरचीची रोपं आणि मोळीवाली

चौक गावाला मास्तर होतो तेव्हा कोंबड्यांच्या भीतीने मी मिरचीची रोपं घासलेटच्या डब्यात लावून घरातच खिडकीत ठेवली होती. पानं पिवळी पडत चालली. सरपण विकणारी मोळीवाली रोज त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसायची. एकदा तिने मातीत बोट खुपसलं आणि हुंगलं.

"पानी कोन घालतं, मास्तर?"

"मी."

"मी!" चुलीपासून बायको म्हणाली.

"मीच की," देवघरातून आई म्हणाली.

मोळीवालीने कमरेच्या कोयत्याच्या टोकाने डब्याच्या बुडाला भोकं पाडली. सडकं पाणी माझ्या पायांवर आलं.

"आता चार दीस कुनी थेंब घालू नका."

दुसऱ्याच दिवशी मी उपरण्याखाली तांब्या लपवून खिडकीशी गेलो, तर आई नि बायको तिथे आधीच उभ्या होत्या, दोघींचे हात पदराखाली.

मोळी टेकवत ती दारातून म्हणाली, "म्हनून तर भोकं पाडली!"